थिनरची एक बाटली टाकायला अठरा दिवस

लेकीची यंदा चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा आहे, म्हणून ठाण्यात नौपाड्यातून पोस्टर कलर आणले. ते काम अर्ध्या तासात झालं. धाकटा चार वर्षांचा, हाताला लागेल ते तोंडात, म्हणून मी प्रत्येक डबी उलटी करून वाचत होते आणि दुकानदार हसत होता. हसू दे. नुसतं "नॉन-टॉक्सिक" छापलेलं बघून भुलू नका, ते कंपनी स्वतःच लिहिते. आणि एएसटीएम डी-४२३६ (चित्रकलेच्या सामानावरच्या लेबलचं अमेरिकन मानक) दिसलं तरी त्याचा अर्थ एवढाच की आत काही घातक असेल तर लेबलवर तसं सांगितलेलं असेल, मी इतके दिवस तो सेफ असल्याचा शिक्काच समजत होते!

खरा वैताग पुढे. नवीन रंग ठेवायला कपाट आवरलं तर सासूबाईंच्या जुन्या हौसेचं सामान निघालं, अर्धी बाटली थिनर, ऑइल पेंटचे दोन डबे, वार्निश. घंटागाडीवाल्या दादांनी हात लावला नाही, बरोबरच आहे, गाडीत दाबताना फुटलं तर त्यांच्याच अंगावर. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, बाथरूममध्ये ओता आणि पाणी सोडा." अहो, ते पेट घेणारं सॉल्व्हंट आहे, आणि मोरीतनं शेवटी जाणार खाडीतच ना? २०१६ च्या घनकचरा नियमांतही रंगाचे डबे, ट्यूबलाइट, सेल, जुनी औषधं हा घरगुती घातक कचरा, वेगळा जमा करायचा असं सरळ लिहिलं होतं. करायचा, पण कुठे?

पालिकेच्या एका ऑफिसात गेले, साहेब फील्डवर. चार दिवसांनी परत गेले तर "हे ई-वेस्टमध्ये जातं". ई-वेस्टवाला पिशवीत डोकावून म्हणतो, "ताई, यात वायर कुठंय?" परत त्याच ऑफिसात, तर लंच. रिक्षावाल्याने वासाने दोनदा गाडी थांबवून गॅसची नळी तपासली, मी गप्प. चौथ्या खेपेला पिशवीवर लाल स्केचपेनने "थिनर – पेट घेतो" असं मोठ्ठं लिहून नेलं, आणि टेबलावरच्या मॅडमना काही विचारण्याऐवजी झाडू घेऊन उभ्या असलेल्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, मागे ट्यूबलाइट-सेलचा ड्रम आहे की, त्याच्या शेजारी ठेवा. मागे! वीस पावलांवर! अठरा दिवस!!

हां, एक राहिलंच, थिनर सगळं नव्हतं द्यायचं. बिल्डिंगमध्ये काम करणाऱ्या पेंटरने सांगितलं की ब्रश धुतलेलं थिनर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा, गाळ खाली बसतो, वरचं नितळ परत वापरता येतं. बरणीवर नाव लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी मात्र बोळा करून कोंबू नका, आपोआप तापून पेटतात, बाहेर पसरून वाळवायची. अॅक्रिलिक बेसिनमध्ये धुऊ नका, ते प्लास्टिकच असतं, ब्रश आधी पेपरला पुसा, वाटीतला उरलेला रंग वाळला की पापुद्रा निघतो, तो सुक्या कचऱ्यात.

वार्निश अजून बाल्कनीत आहे. मावशींची सुट्टी कधी असते ते विचारून ठेवलंय.