बँकॉकच्या गल्लीतला बाजार: पाटीवरचा आकडा किलोचा नसतो

सहा महिन्यांचं बँकॉकचं काम संपवून मागच्या आठवड्यात दादरला परत आले. आमच्या टीममधले अजून दोघं पुढच्या महिन्यात तिकडे चाललेत, म्हणून डोक्यात ताजं आहे तोवर लिहून काढते. देवळं, मॉल, समुद्र यावर लिहिणारे ढीगभर आहेत. मी रोजच्या भाजी-मासळीबद्दल लिहितेय, कारण निघताना मला सल्ले देणारे सगळे चार दिवस हॉटेलात राहून आलेले होते आणि सगळ्यांनी एकच सांगितलं, "तिकडे सगळं स्वस्त गं, फक्त घासाघीस कर." दोन्ही चुकीचं. रोज घरी स्वयंपाक करणाऱ्यासाठी तर सपशेल चुकीचं.

माझी खोली ऑन नुट स्टेशनपासून दहा मिनिटांवर, एका सोईत होती. सोई म्हणजे गल्ली. गल्लीच्या तोंडाशी सकाळी वीस-पंचवीस टेबलांचा बाजार भरायचा, ताडपत्र्या, खाली ओली फरशी, आपल्याकडचाच वाटावा असा. पहिल्याच शनिवारी तिथे एका बाईकडे सोडे दिसले. प्लॅस्टिकच्या ट्रेमधे लहान-मोठे वेगवेगळे केलेले, छान गुलाबी-केशरी, आणि वर पुठ्ठ्यावर मार्करने काहीतरी थाई अक्षरं आणि पुढे ६०. साठ बाथ म्हणजे साधारण दीडशे रुपये. सोडे दीडशे रुपये किलो! दादरला भाजीवाली "तीस" म्हणाली की आपण लगेच "पाव की अर्धा?" असं विचारतो, पण तिथे भाषा येत नाही म्हणून तो प्रश्न तोंडापर्यंत आलाच नाही. बोटाने एक दाखवलं, "किलो" म्हटलं, तिने मान हलवली, भराभर भरलं, पिशवीत हवा फुगवून तोंडाला रबरबँडचे वेढे घातले आणि कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. ६००.

मला वाटलं शून्य चुकून पडलं. तिने परत पाटी दाखवली, परत कॅल्क्युलेटर दाखवला, मागे तीन माणसं उभी, मी पैसे दिले. घरी येऊन किचनच्या काट्यावर ठेवलं तर ८४० ग्रॅम. म्हणजे भाव मला वाचता आला नाही ही माझी चूक, पण १६० ग्रॅम मारले ते तिने मारले, आणि त्याचा राग मला आजही आहे. रविवारी परत गेले तर ते टेबलच नव्हतं, ती फक्त शनिवारी बसते असं बाजूच्याने खुणेने सांगितलं.

सोमवारी ऑफिसमधल्या थाई मैत्रिणीने उलगडा केला. तिकडे छोट्या बाजारात 'खीत' नावाचं माप सर्रास चालतं. १ खीत म्हणजे १०० ग्रॅम, १० खीत म्हणजे १ किलो. सुकी मासळी, लसूण, मिरच्या, मशरूम, मटण-चिकनचे तुकडे, असं जरा महाग किंवा हलकं काही असलं की भाव खीतचा असू शकतो. फळं आणि जड भाजी बहुतेक किलोवर, पालेभाजी जुडीवर. पाटी वाचायची युक्तीही तिनेच शिकवली आणि ती आपल्याला एकदम सोपी जाते, कारण त्यांची मुळाक्षरंही आपल्यासारखीच क, ख अशी सुरू होतात. मुलांच्या पुस्तकात पहिलं अक्षर 'को काय', म्हणजे कोंबडीचं, दुसरं 'खो खाय', म्हणजे अंड्याचं. किलो कोंबडीच्या अक्षराने सुरू होतो, खीत अंड्याच्या अक्षराने. कोंबडीचं अक्षर दोन पायांचं, वर चोचीसारखा खळगा, एकदा बघितलं की विसरत नाही. अशी दोन कोंबड्यांची अक्षरं शेजारी असली की ते किलोग्रॅमचं छोटं रूप. हे विमानात बसल्या बसल्या पाठ करा, मुंबईहून चार-साडेचार तासांचा प्रवास आहे, तेवढ्यात सहज होतं. कधीकधी किलोचं नुसतं 'लो' लिहितात, तिथे मात्र बोट दाखवून "किलो? खीत?" असं विचारायचंच. आधी विचारायचं, पिशवीला रबर लागल्यावर नाही.

वजनाची शंका आली तर बऱ्याच मोठ्या बाजारांमधे गिऱ्हाइकांसाठी एक सामायिक काटा ठेवलेला असतो, त्यावर पिशवी ठेवून बघा, कोणी काही म्हणत नाही. तक्रारीसाठी त्यांच्या सरकारी खात्याचा १५६९ नंबर आहे. मी फोन केला नाही कारण ती बाई परत दिसली तेव्हा दोन आठवडे उलटले होते, पण तुमच्याबरोबर झालं तर लगेच करा. आणि ज्याच्या काट्याची तबकडी गिऱ्हाइकाकडे नसेल त्याच्याकडे घेऊच नका. सरळ पुढे जा.

आकडे ऐकायलाही शिका. पाचाला 'हा', दहाला 'सिप'. हा-सिप म्हणजे पन्नास आणि सिप-हा म्हणजे पंधरा, गर्दीत दोन्ही सारखंच ऐकू येतं. मी पहिला महिनाभर प्रत्येक वेळी कॅल्क्युलेटर मागितला, त्यात लाजायचं काही नाही.

घासाघीस खाण्याच्या वस्तूंवर करू नका. कपड्यांच्या बाजारात ठीक आहे, भाजीवर नाही, आणि आवाज चढवलात तर संपलंच, समोरचा माणूस बोलायचाच बंद होतो. त्याऐवजी रोज एकाच बाईकडे जा. नेहमीच्या गिऱ्हाइकाला वर काहीतरी टाकून द्यायची पद्धत तिथेही आहे, त्याला 'थेम' म्हणतात. तिसऱ्या आठवड्यात माझ्या भाजीवालीने न मागता मूठभर मिरच्या आणि कोथिंबीर पिशवीत टाकली तेव्हा मला खरंच आपल्या मावशीकडे उभी असल्यासारखं वाटलं. कोथिंबीर मुळांसकट मिळते, मुळं टाकू नका, वाटणात घाला, ते लोक मुद्दाम त्यासाठीच ठेवतात.

पैशांचं: जीपे डोक्यातून काढून टाका. प्रत्येक टेबलावर क्यूआर दिसेल पण तो प्रॉम्प्टपेचा, म्हणजे त्यांच्याकडच्या यूपीआयचा असतो, थाई बँकेत खातं होईपर्यंत रोखच. एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी दोनशेच्या वर बाथ फी कापतं म्हणून थोडे थोडे काढू नका, एकदाच काढा. मग हातात हजाराच्या नोटा येतात आणि पंचवीस बाथच्या भाजीला हजार दिले तर सकाळी सकाळी कोणाकडे सुट्टे नसतात. आधी सेव्हन-इलेव्हनमधे पाणी घेऊन नोट मोडा, वीसच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा.

मासे खाणाऱ्यांसाठी अजून एक. बांबूच्या छोट्या गोल टोपलीत दोन-तीन बांगड्यांसारखे मासे मान मुरगाळून बसवलेले दिसतील. तो 'प्ला थू', आपल्या बांगड्याचा सख्खा भाऊच. तो कच्चा नसतो! मिठाच्या पाण्यात शिजवलेला असतो. मी हळद-मीठ लावून, वाटण करून, रश्शात सोडला आणि पाच मिनिटांत सगळ्याचा चुरा झाला, वर खारट. तो नुसता तव्यावर तेलात परतायचा, बाजूला गरम भात, बास. असा केला की आपल्या दादरजवळच्या सिटीलाइट मार्केटच्या बांगड्याची आठवण येते, खरं सांगते.

ड्युरियन हे फणसासारखं फळ अख्खं घेतलं तर वजन काटेरी सालासकट होतं आणि आतला गर निम्म्याहूनही कमी निघतो. सोललेलं घ्या. भाड्याच्या बिल्डिंगमधे आणायला चालतं का ते आधी विचारा, वास जात नाही.

तूरडाळ, हिंग, कढीपत्त्यासाठी फाहुरात हा बँकॉकमधला भारतीय दुकानांचा भाग गाठा, साम योत मेट्रो स्टेशनवरून चालत जाता येतं. माझ्या गल्लीत कढीपत्ता सहा महिन्यांत एकदाही दिसला नाही. महिन्यातून एक चक्कर पुरते.

आणि नारळ. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. बाजारात मशीन लावून बसलेला माणूस डोळ्यांसमोर ओलं खोबरं खवून देतो, हवं तर तिथेच दूध पिळून पिशवीत बांधून देतो, पिशवी अजून कोमट असते. ऑफिस सुटल्यावर थकून येताना मी अर्धा किलो खोबरं घ्यायचे आणि वीस मिनिटांत सोलकढी सोडून सगळं करायचे. कोकम तेवढं इथूनच न्या, पाव किलो सहा महिन्यांना पुरत नाही, मला चौथ्या महिन्यात संपलं.