किड्याच्या उंचीवरून सडा

जुलै उजाडला की आमच्या गोव्यातल्या गावात कोणाच्या तरी डोक्यात येतंच, सड्यावर, म्हणजे गावावरच्या जांभ्या दगडाच्या मोकळ्या पठारावर, झाडं लावूया. कन्हैयालाल मुनशींनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला तेव्हापासून देशभर जुलैचा पहिला आठवडा म्हणजे खड्डे आणि रोपं, त्यात वाईट काही नाही, पण सड्याचा विषय निघाला की मला वाद घातल्याशिवाय राहवत नाही. यंदाही घातला. पंचायतीतले एक काका म्हणाले, "अरे तिथे आहे काय? दगड, आणि मधेमधे चार करवंदाच्या जाळ्या. एवढी मोकळी जागा फुकट जाते." काकांना पूर्ण उत्तर द्यायला अर्धा तास लागला असता आणि त्यांना फोन आला, म्हणून इथे लिहितोय. लांबेल, चहा घेऊन बसा.

माझं म्हणणं असं की जमिनीवर चालणाऱ्या मुंग्या, भुंगेरे, कोळी, विंचू, गोमी या मंडळींना हिरवळ किती आहे याच्याइतकाच, आणि कधीकधी जास्तच, फरक पडतो तो ती हिरवळ कशी विखुरलीय याने. जाळी आणि मोकळी लादी मिळून एकच घर आहे. मोकळी जागा भरून टाकली तर त्या घराचा अर्धा भाग गेला.

हे पटवायला मी दाखले देणार आहे ते बहुतेक वाळवंटातले. आता गोवा आणि वाळवंट यांचा काय संबंध असं कोणीही विचारेल. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या राज्याला शुष्क म्हटलं तर लोक हसतील. पण हा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर, आणि सडा म्हणजे जांभ्याची लादी, माती कुठे बोटभर तर कुठे तीही नाही, पाणी पडलं की वाहून जातं नाहीतर खळग्यात साचतं आणि पाऊस गेला की काही दिवसांत उडून जातं. तिथून मेअखेरपर्यंत सड्यावर राहणाऱ्याला वाळवंटाचेच नियम. म्हणून मी वाळवंटातलं संशोधन वाचतो आणि सड्यावर फिरताना ताडून बघतो. शास्त्रज्ञ वगैरे नाही, बँकेत काम करतो, हा आपला छंद.

सुरुवात आफ्रिकेतून करतो. कोरड्या प्रदेशांचे विमानातून फोटो निघायला लागले तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की काही ठिकाणी झुडपं वाट्टेल तशी उगवत नाहीत, आडवे पट्टे असतात, एक झुडपांचा, मग उघडी जमीन, मग परत झुडपं. सोमालियाकडचे असले पट्टे मॅकफेडियन नावाच्या भूशास्त्रज्ञाने १९५० साली मांडले, आणि नायजरमधल्या पट्ट्यांना तर टायगर बुश असंच नाव पडलंय. उतार इतका मंद असतो की उभं राहून दिसतसुद्धा नाही. उघड्या जमिनीवर कडक पापुद्रा धरलेला, त्यावर पडलेलं पाणी मुरत नाही, घसरत खाली येतं आणि झुडपांच्या पट्ट्यात अडकून तिथे मुरतं. म्हणजे झुडपं जगतात ती वरच्या उघड्या जमिनीच्या जिवावर, ती जमीन त्यांच्यासाठी पाणी गोळा करत असते. (ज्या अ‍ॅलन ट्युरिंगला आपण कॉम्प्युटरवाला म्हणून ओळखतो त्याने १९५२ साली प्राण्यांच्या अंगावर ठिपके कसे उमटत असतील याचं गणित मांडलं होतं, त्याच जातीचं गणित क्लाउसमायर यांनी १९९९ मध्ये पाणी आणि झुडपांना लावलं आणि पट्टे निघाले. मला समीकरणं कळत नाहीत, पण आलेख बघायला मजा येते.)

एकाच पट्ट्यात वस्ती कशी बदलते बघा. वरच्या कडेला पाणी पहिलं पोचतं, तिथे नवी रोपं. खालच्या कडेपर्यंत फारसं काही उरत नाही, तिथे म्हातारी झुडपं, वाळकं लाकूड, म्हणजे वाळवीची चंगळ. आणि वाळवी लाकूड खाता खाता बोगदे करते, त्यातून पुढच्या पावसाचं पाणी आत उतरतं. कोण कोणावर अवलंबून आहे ते सांगताच येत नाही.

आता उन्हाचं. आपण हवा किती तापली ते पाच-साडेपाच फुटांवरून सांगतो, मुंगीला दोन-चार मिलिमीटरवर जगायचं असतं आणि तापलेल्या जमिनीला चिकटलेला हवेचा थर हा सगळ्यात वाईट, त्यापासून जरासं वर गेलं तरी बराच फरक पडतो. सहारातल्या चंदेरी मुंगीचे, कॅटाग्लिफिस बॉम्बिसिना तिचं नाव, पाय लांब आहेत ते उगाच नाही. शरीराचं तापमान ५३ अंशांच्या वर गेलं तरी ती थोडा वेळ तग धरते. बाहेर पडते ती भर दुपारी, कारण तिला खाणारे सरडे तेव्हा बिळात असतात, आणि उन्हाने मेलेले किडे उचलून पळते. रुडिगर वेहनर या शास्त्रज्ञांनी या मुंग्यांच्या अभ्यासात आयुष्य घातलं. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे ही मुंगी मधेच एखाद्या वाळक्या काडीवर चढून थांबते, अंग गार करते आणि पुढे निघते. एक काडी! आपल्या नकाशात ती काडी कधीच येणार नाही, उपग्रहाच्या फोटोतही नाही, पण तिच्यासाठी तेवढ्यावर सगळा प्रवास ठरतो.

आमच्या सड्यावर एप्रिलच्या दुपारी मोकळ्या लादीवर जवळजवळ कोणी दिसत नाही. करवंदाच्या नाहीतर पिटकुळीच्या (हेही सड्यावरचं झुडूपच) जाळीखाली काठीने पालापाचोळा बाजूला करा, तिथे सगळे बसलेत, कोळी, बारकी झुरळं, गोम, काय काय. आणि रात्री तीच लादी भरते. डोक्याला टॉर्च लावून गेलात तर जाळं न विणणाऱ्या शिकारी कोळ्यांचे डोळे चमकतात, आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्च असेल तर विंचू हिरवट निळे पेटलेले दिसतात. बूट घालूनच जा हं, कोकणपट्टीतला लाल विंचू साधासुधा नाही, महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे औषध वापरून उपचार दाखवून दिला त्याच्याआधी याच्या दंशाने बरीच माणसं दगावायची.

म्हणजे ही मंडळी दिवसा जाळीत, रात्री उघड्यावर, अशी रोज ये-जा करतात. मग प्रश्न येतो अंतराचा आणि कडेचा. हिशोब करून बघा. दहा मीटर बाय दहा मीटरची एकच मोठी जाळी असेल तर तिचं क्षेत्रफळ १०० चौरस मीटर आणि कड ४० मीटर. तेवढंच १०० चौरस मीटर एकेक मीटरच्या शंभर जाळ्यांत वाटलं तर कड होते ४०० मीटर. हिरवळ तेवढीच, पण दबा धरून बसणाऱ्या कोळ्याला शिकारीची जागा दहापट, आणि दोन जाळ्यांमधलं उघडं अंतर दोन सेंटिमीटरच्या भुंगेऱ्याला पार करता येण्यासारखं. आता कोणी म्हणेल मग बारीक बारीक जाळ्याच बऱ्या, तर तसंही नाही, एक मीटरच्या झुडपाखाली सावली सरकत राहते, पाला वाऱ्याने उडून जातो, ओल टिकत नाही, आणि ओल नसेल तर पाचोळ्यात राहणारे बारीक जीव टिकत नाहीत आणि त्यांना खाणारेही. मोठ्या, मधल्या, लहान अशा सगळ्या हव्यात. अमेरिकेत जॉन वीन्स आणि ब्रूस मिल्न यांनी १९८९ साली २५ चौरस मीटरचे छोटे तुकडे घेऊन गवतात चालणारे काळे भुंगेरे कसे फिरतात ते बघितलं होतं. पाच बाय पाच मीटरचा तुकडा म्हणजे आपल्या हॉलपेक्षा थोडा मोठा, पण भुंगेऱ्यासाठी तो अख्खा तालुका, त्यात कुठे गवत कुठे उघडी माती याच्यावर त्याची वाट ठरते.

इस्रायलमधल्या नेगेव वाळवंटातली गोष्ट सड्याच्या सगळ्यात जवळची वाटते मला. तिथे स्दे बोकेर भागात वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. खडकाळ उतारावर पडलेलं पाणी खडक पीत नाही, ते मधल्या मातीच्या कप्प्यांत जातं, म्हणजे खडक जास्त असेल तिथे त्या थोड्या मातीला वाट्याला जास्त पाणी येतं. अशा मातीत एक वाळवंटी आयसोपॉड राहतो, हेमिलेपिस्टस, कुंडीखाली सापडणाऱ्या त्या राखाडी किड्यांच्या कुळातला, कीटक नव्हेच, खेकड्या-कोळंबीचा नातेवाईक. जोडपं एकच बीळ धरतं, पिल्लांसकट तिथेच राहतं, दारावर आळीपाळीने पहारा, आणि घरच्यांना वासावरून ओळखतात. बीळ खणताना खालची माती विष्ठेच्या गोळ्या होऊन वर येते आणि पुढच्या पुरात वाहून जाते. दगड, माती, झुडूप, पाणी यांची मांडणी कशी आहे त्यावर कोण कुठे राहणार ते ठरतं, आणि राहणारे परत ती मांडणी बदलतात.

आणि बदलणाऱ्यात आपल्याकडे पहिला मान रोयणीचा, म्हणजे वाळवीच्या वारुळाचा. गोव्यात सातेरी देवी म्हणून गाभाऱ्यात पुजतो ती. सड्यावर नीट बघा, बऱ्याच मोठ्या जाळ्या वारुळाला धरून उभ्या असतात. वाळवी खालची बारीक माती वर आणते, लादीवर तेवढीच काय ती खोल माती, त्यावर बुलबुलाने टाकलेली बी रुजते, जाळी होते, पाला पडतो, वाळवीला परत खायला. पावसात हेच उंचवटे उलट्या कामाला येतात, आजूबाजूला पाणी तुंबलं की मुंग्या आणि गोमी याच कोरड्या बेटांवर चढतात. आणि अळमी, म्हणजे वारुळांवर येणारी खायची अळंबी, कुठे उगवतात ते तर सत्तरी-सांग्याच्या लोकांना मी सांगायला नको, ती बुरशी वाळवीनेच बिळात वाढवलेली असते. नामिबियातल्या गवतातली गोल टक्कलं कोणामुळे यावर अजून भांडण चालू आहे, नॉर्बर्ट युर्गेन्स यांनी २०१३ मध्ये वाळवीकडे बोट दाखवलं, स्टेफान गेत्सिन म्हणतात गवतच पाण्यासाठी आपापसात झगडून तसं मांडलं जातं. टार्निटा आणि मंडळींनी २०१७ मध्ये दोन्ही एकत्र चालू शकतं असं दाखवलं. मला हे शेवटचं पटतं, पण मी कोण.

बरं, प्रत्येक झुडूप चांगलं असाही माझा दावा नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत जोर्नाडा नावाच्या ठिकाणी गवताळ रानात मेस्किट ही काटेरी झुडपं शिरली, तिची बहीण आपल्या देशात वेडी बाभूळ म्हणून माजलीय तीच, आणि आधी सगळीकडे सारखी पसरलेली ओल आणि खत झुडपांखाली गोळा झालं, मधली जमीन नागडी पडली. श्लेसिंजर आणि सहकाऱ्यांनी १९९० साली हे मांडलं. गवतात सगळीकडे फिरणाऱ्यांचं रान गेलं आणि झुडपाला चिकटून राहणाऱ्यांचं आलं. आमच्याकडे रानमोडी हे बाहेरून आलेलं तण वेगळं करते, ती दोन जाळ्यांमधल्या फटीच बुजवते. आणि ऑस्ट्रेलियन अकेशियाची लागवड बघा, खाली जाड, लवकर न कुजणाऱ्या पाल्याची एकसारखी गादी, कड नाही, फट नाही, तापलेली लादी नाही, खळगा नाही. हिरवं आहे म्हणून फोटो छान येतो.

त्यामुळे काकांना माझं सांगणं एवढंच होतं की रोपं लावायचीच तर सड्याच्या खाली, जुन्या कुळागरांच्या (पोफळीच्या बागांच्या) कडेला, रस्त्याच्या बाजूला लावा. लादीवर मशीन आणून खड्डे फोडू नका.

कोणाला स्वतः बघायचं असेल तर सोपं साधन आहे, प्लास्टिकचा कप मातीत काठोकाठ पुरायचा, चालणारे आत पडतात. एक रांग जाळीखाली, एक कडेला, एक जाळ्यांमधल्या मातीच्या कप्प्यात, लादीत काही खणता येणार नाही. पण आकडे वाचताना सांभाळा. मोकळ्यावरच्या कपात जास्त पडले म्हणजे तिथे जास्त आहेत असं होत नाही, मोकळ्यावर जो तो जोरात पळतो म्हणून जास्त वेळा पडतो, पाचोळ्यात अडखळत चालणारा कपापर्यंत पोचतच नाही. ग्रीनस्लेड यांनी १९६४ मध्येच हे दाखवून दिलं होतं. तेव्हा किती पडले याच्यापेक्षा कोण कुठल्या रांगेत पडला ते लिहून ठेवा, एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा ऑक्टोबरात करा, सकाळी ऊन चढायच्या आत सगळ्यांना सोडून द्या, आणि काम झालं की कप उपटून आणा.