आमची वाटचाल: ट्रॉफ्यांपासून श्वास घेणाऱ्या पाटापर्यंत

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये आधी फक्त अ‍ॅक्रिलिकचं काम चाले. दुकानांच्या पाट्या, सराफांचे शोकेस, शाळांच्या ट्रॉफ्या. एक दिवस एका हॉस्पिटलच्या मेडिकल फिजिसिस्ट मॅडम गळका डबा चिकटवून घ्यायला आल्या. डब्यात 10 ते 37 मिलिमीटरच्या सहा पोकळ गोळ्या. त्यांत किरणोत्सारी द्रव भरून पेट-सीटी मशिनची परीक्षा घेतात. यातला सीटी शरीराची रचना दाखवतो, तर पेट शरीरात सोडलेलं किरणोत्सारी औषध कुठे साठलं ते. डब्याचं नाव फँटम. गळती थांबली, तशा मॅडम म्हणाल्या, "भाऊ, हा हलता करून द्याल?"

फुप्फुसाच्या खालच्या भागातली गाठ श्वासागणिक एक-दोन सेंटिमीटर वरखाली होऊ शकते. सीटी काही सेकंदांत उरकतो, पेटला एकेका टप्प्याला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात तीस-चाळीस श्वास होतात आणि गाठ असते त्याहून मोठी, फिकी दिसते. ही चूक सॉफ्टवेअर किती सुधारतं हे तपासायचं, तर मुद्दाम हलणारी आणि खरं माप ठाऊक असलेली गोळी लागते.

स्टेपर मोटर (मोजक्या पावलांनी फिरणारी), स्क्रू आणि वर सरकता पाट असं पहिलं यंत्र केलं. दहा-बारा किलोचा भरलेला डबा झकास सरकला. मॅडमनी मिनिटभर पाहिलं. "असा श्वास फुटाळा तलावाला चक्कर मारून आलेला माणूस घेतो. निवांत पडलेला माणूस श्वास सोडला की जरा थांबतो."

रविवारी जेवण करून कूलरसमोर लवंडलेल्या काकाजींच्या पोटावर मी काडेपेटी ठेवली आणि मोबाइल लावला. "काय करून राहिला बे?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं. व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला. काडेपेटी चढे, उतरे आणि खाली चांगली टेकून राही. तो टेका प्रोग्राममध्ये घालायला तीन आठवडे गेले. मग सीटीत स्क्रूच्या लोखंडाचे पट्टे उमटले, म्हणून मोटर लांब नेऊन मधे नायलॉनचा दांडा टाकला.

द्रवाला हात लावायची आम्हाला परवानगी नाही, आम्ही काचेपलीकडे. त्यातलं किरणोत्सारी फ्लोरिन-18 साधारण 110 मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे पाट अडला तर "उद्या बघू" म्हणता येत नाही. चाचणीला पाट असा लावला: मिनिटाला 15 श्वास, 20 मिलिमीटरची सरक. 17 मिलिमीटरची गोळी 37 पर्यंत लांबली. सहा गोळ्यांतल्या सगळ्यात मोठीएवढी! श्वासाचे टप्पे पाडून फक्त टेक्याचा भाग घेतला, तेव्हा गोळी गोळीसारखी दिसली, पण चित्र रवाळ झालं, कारण बाकीचे सिग्नल वाया गेले. सगळे टप्पे सरकवून एकावर एक बसवल्यावर आकार आला आणि रवाही बराच गेला. मला पटलेली सुधारणा हीच. नुसतं टाकून देण्यात काय हुशारी?

आज आम्ही चौघं आहोत. शेडचं वीजबिल अजून ट्रॉफ्याच भरतात. मॅडमना आता पाटाला खोकला हवा आहे, कारण पेशंट काही एका लयीत श्वास घेत नाहीत. काकाजी तयार आहेत, पण यावेळी पगार मागून राहिले.