वीतभर झोळ

रविवार, रात्री साडेअकरा

आज दुपारी गॅलरीतली कपड्यांची दोरी पडली. दोन ओल्या चादरी, टॉवेल, आईचा गाऊन, सगळं घेऊन हूक भिंतीतून उपटून आला. सोबत बशीएवढा गिलावा. आई म्हणाली, "जाऊ दे, दिवाळीत रंग काढू तेव्हा बुजवून घेऊ." झालं एवढंच. पण तेव्हापासून त्या भोकाकडे लक्ष गेलं की पोटात कसंतरी होतंय.

कारण गेल्या आठवड्यात ती दोरी मीच ताणली होती.

बाबांच्या दोरीला कायम झोळ असायचा. आईची जुनी तक्रार: "डोंगरावर जीव टांगता दोरीला, आणि घरात माझी चादर लादीला लागते!" त्यात ही प्रुसिकसाठी, म्हणजे जाड दोरीवर आवळून पकड घेणाऱ्या गाठीसाठी, आणलेली ६ मि.मी.ची नायलॉनची दोरी. नायलॉन पाणी पितं आणि ओलं असलं की जास्त लांबतं, म्हणजे पावसाळ्यात झोळ आणखी वाढणार. (चढाईची १०.५ मि.मी.ची दोरी बाद झाल्यावर कपड्यांना लावावी असं सगळ्यांना वाटतं. लावू नये. ती पडणाऱ्याचा धक्का खाऊन ताणली जावी म्हणूनच विणलेली असते, आणि तिला चिमटाही बसत नाही.) मला वाटलं, घट्ट करायचं बाबांचं राहूनच गेलं असेल. सोडली, खेचली, तारेसारखी ताठ केली. आई खूश. आठ दिवस.

आता कागदावर मांडून बघितलं. दोन टोकांत ३ मीटर अंतर. ओले कपडे धरू १० किलो, आणि सोयीसाठी सगळे मधोमध. दोरी मध्ये १५ सेंटिमीटर खाली आली तर प्रत्येक टोकावर जवळजवळ ५० किलोची ओढ येते. ३० सेंटिमीटर येऊ दिली तर २५ किलोची. दोरी जितकी ताठ तितका हुकावर भार. कड्यावर दोन बोल्ट मिळून अँकर, म्हणजे दोरीचा आधार, लावतात तिथेही हेच गणित. बोल्टांपासून येणाऱ्या दोन स्लिंगमधला (पट्ट्यांमधला) कोन ६० अंशांच्या आत ठेवायचा, कारण १२० अंश झाला की एकेका बोल्टवर पूर्णच्या पूर्ण वजन येतं आणि दुसरा बोल्ट मारल्याचा उपयोग शून्य.

म्हणजे तो झोळ हिशेबाचा होता. वीसेक वर्षं आम्ही त्यावरून त्यांना बोललो. त्यांनी कधी समजावलं कसं नाही? समजावलं असेल. आम्ही ऐकलं नसेल.

आणि नेमका आजच स्मरणिकेसाठी बाबांवरचा मजकूर घेऊन बसले होते. मंडळाला उद्या द्यायचाय, दोनशे शब्द. पहिलं वाक्य झालंय: "कुटुंबवत्सल गृहस्थ आणि हाडाचे डोंगरभटके." पुढे सरकत नाही. कुटुंबवत्सल. हा शब्द जिवंत माणसाला कुणी लावल्याचं मी ऐकलेलं नाही. माणूस गेला की लगेच चिकटतो. कुटुंबवत्सल माणूस रविवारी घरी असतो ना? मटणाच्या रांगेत उभा राहतो, दुपारी तोंडावर पेपर घेऊन आडवा होतो. आमचे बाबा शनिवारी रात्री शेवटच्या कसारा लोकलला, आणि सोमवारी सकाळी दारात लाल मातीचे बूट. वाईट वाटून घ्यायचं तर सामान भरपूर आहे. दादाची मुंज चार दिवसांवर आणि हे नाणेघाटात. माझ्या दहावीच्या वेळचं तर नकोच. वर्षाचे बावन्न रविवार, त्यातले घरचे किती? पावसात वाटा बंद म्हणून जे मिळाले ते. म्हणजे आम्हाला बाबा मिळाले ते पावसामुळे.

हे स्मरणिकेत छापता येणार नाही.

शनिवारची संध्याकाळ मात्र आमची असायची, तेही लिहायला हवं. हॉलमध्ये चादर पसरायची आणि त्यावर सगळं मांडायचं. मांडल्याशिवाय सॅकमध्ये काही जायचं नाही. खिचडीचं मोजमाप आईच्या हाताचं: माणशी दीड मूठ तांदूळ, पाऊण मूठ मूगडाळ, हळद-मीठ त्यातच, आणि एकेका जेवणाची वेगळी पिशवी, म्हणजे अंधारात चुलीपाशी मापं शोधत बसायला नको. पाणी माणशी ३ लिटर, फेब्रुवारीनंतर ४, कारण गडावरच्या टाक्यांचा भरवसा तेव्हा संपतो. सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालायची आणि सामान त्यात भरायचं. वरच्या रेनकव्हरवर विसंबायचं नाही, ते पाठीची बाजू झाकत नाही आणि पाणी तिथूनच उतरतं. झोपायचं सामान तळाला. जड ते पाठीला लागून, खांद्यांच्या पात्यांच्या मधे, नाहीतर सॅक चढावर मागे खेचते. विजेरी वरच्या खिशात, आणि तिच्यातला एक सेल उलटा घातलेला. सॅकमध्ये बटण दाबलं गेलं तर सेल रात्रीपर्यंत मरतात, आणि ते नेमकं उतरताना कळतं. दादाचा डिओ दरवेळी जप्त व्हायचा. आग्या मोहोळ उग्र वासाने आणि धुराने उठतं, आणि उठलं की कड्यावर पळायला जागा नसते. दादाला तेव्हा वाटायचं डिओवर बाबांचा डोळा आहे.

रॅपलिंगच्या दोरीच्या दोन्ही टोकांना गाठ, हे शेवटचं. दोरी खालपर्यंत पोहोचलेली नसते, उतरणारा टोकावरून सुटतो. चांगले चांगले सुटलेत. गाठ असली तर हात तिथे अडतो. ही गाठ निघायच्या आधी घरीच मारून ठेवायची, कारण वर वारा असतो, घाई असते आणि दुसऱ्याने मारली असेल असं प्रत्येकाला वाटतं. घरातल्या लेंग्यांच्या नाड्यांनासुद्धा तशाच गाठी, त्या मात्र कुणी उतरताना सुटू नये म्हणून नव्हत्या.

मग कालनिर्णय. रविवारच्या चौकोनात बारीक अक्षरात: "खिरेश्वर – टोलार खिंड – हरिश्चंद्रगड – पाचनई. परत ९:४०. १२ नंतर काळजी." खाली गावातल्या कुणाचा तरी नंबर. चढायची वाट, उतरायची वाट, पोहोचायची वेळ, आणि त्यापुढे शोधाशोध कधी सुरू करायची ती वेळ. वर गेल्यावर वाट बदलायची नाही, बदलावी लागलीच तर पहिलं गाव लागताच फोन. नाहीतर शोधणारे एका दरीत आणि पडलेला दुसऱ्या. ९:४० आणि १२ यांच्यातला वेळ चुकलेल्या एसटीचा, पायाला आलेल्या गोळ्याचा, मालगाडीमागे रखडलेल्या लोकलचा. आईची काळजी ९:४१ ला सुरू व्हायची, तो भाग वेगळा.

शेवटच्या वेळी चौकोन रिकामा होता. असो.

२०२४ च्या सप्टेंबरच्या पानावर मात्र त्यांनी आधीच लिहून ठेवलेलं सापडलं: "येऊर. कारवी. सगळे." आपल्याकडची कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते. २००८ ला नेलं होतं, २०१६ ला नेलं होतं. त्या सप्टेंबरात आम्ही कुणीच गेलो नाही. पुढची २०३२ ला.

स्मरणिकेत तेच द्यावं का? "परत ९:४०. १२ नंतर काळजी." दोनशेची मर्यादा आहे, मी पाचांत आटपते. मंडळवाले म्हणतील, मजकूर पूर्ण पाठवा, ताई. आणि वरती स्वतःच "कुटुंबवत्सल" घालतील. घालोत. काळजी कधीपासून करायची हे दर शनिवारी वेळेसकट लिहून जाणाऱ्याला काय म्हणतात, ते मला तरी माहीत नाही.

पाऊण वाजला. दोरीचं बघून झोपते.

ग्रिलच्या बाजूची गाठ अजून बाबांचीच आहे. बोलाइन. टोक मेणबत्तीवर जाळून त्याचा तपकिरी मणी केलेला, आणि शेपूट चांगलं चार बोटं बाहेर, कारण सैल दोरीवरची बोलाइन हलून हलून सुटू शकते. तिला हात लावायचा नाही. बाकी दोरी उन्हाने फिकी पडलीये, वरून जरा लवही सुटलीये. कड्यावर आता ही कुणी बाळगू नये, चादरींना चालेल.

हुकाच्या बाजूची त्यांची गाठ मी गेल्या आठवड्यात सोडून टाकली. कशी होती ते तेव्हा बघितलंसुद्धा नाही. मघाशी टॉर्च धरला तर दिसलं, गाठीच्या आत दडलेली दोरी फिकी पडलेलीच नाही. तिथे तिथे गडद नारिंगी पट्टे आहेत. पट्ट्यावर पट्टा ठेवत गेले आणि गाठ पुन्हा जुळून आली: ट्रकवाल्यांची असते तशी. दोरीत एक सरकफासा, टोक हुकातून फिरवून त्या फाशातून परत खाली ओढायचं, आणि दोन अर्ध्या गाठी. फासा मोकळ्या टोकाकडच्या दोरीचा काढायचा. ताणाकडच्या दोरीचा काढला तर भार येताच तो मिटतो. माझा पहिल्यांदा मिटलाच.

हूक त्याच भोकात बसणार नाही. नुसत्या गिलाव्यात अडकलेला होता, आणि तिथला गिलावा पावसाच्या ओलीने भुसभुशीत झालाय. पाच इंच डावीकडे, विटेत, सांध्यात नाही. ८ मि.मी.चं भोक, प्लास्टिकची गिट्टी, मग हूक. पण हूक सरकला की पट्टे जुळणार नाहीत आणि झोळ पुन्हा मोजावा लागेल. बाबा मोजायचे ते वीत लावून. त्यांची वीत माझ्यापेक्षा मोठी होती, लहानपणी हातावर हात ठेवून बघायचो तेव्हा माझी कितीतरी कमी पडायची. शेवटचं बघितलं तेव्हा दोन बोटं.

वीत आणि दोन बोटं, मग. उद्या आई बोलणारच, चादर लादीला लागते म्हणून.