कणीचा भात, बाजरीचा कुसकुस आणि डकारचे नेम

सेनेगलमध्ये भात म्हणजे कणीचा. अख्ख्या दाण्याचा तांदूळ बाजारात मिळतो की, पण चेबुजेन म्हणजे मासे-भाज्यांच्या रश्श्यात शिजवलेला तिथला भात करायचा तर कणीच हवी, अख्खा दाणा रस्सा तेवढा पीत नाही असं तिथल्या बायका ठासून सांगतात आणि एकदा खाल्लं की वाद घालायची सोय राहत नाही. आपल्याकडे कणी म्हणजे पेज करा नाहीतर कोंबड्यांना टाका, तिकडे तोच मुख्य माल. राजधानी डकारला मी राहत होतो त्या गल्लीतल्या दुकानात पोती रचलेली असायची आणि त्यातल्या बऱ्याच पोत्यांवर भारताचं नाव. 2022 च्या सप्टेंबरात आपल्या सरकारने तुकडा तांदळाची निर्यात बंद केली होती ना, आपल्याकडे ती बातमी आली नि गेली, पण सेनेगलच्या थेट दुपारच्या जेवणालाच हात लागला होता. पुढे सरकारी पातळीवर बोलणी होऊन सेनेगलला खास परवानगी मिळाली.

ही कणीची सवय लावली फ्रेंचांनी. त्यांना तेलासाठी शेंगदाणा हवा होता म्हणून 19 व्या शतकात शेतकऱ्यांना भुईमुगाकडे वळवलं, बाजरीची शेतं कमी झाली, मग लोकांनी खायचं काय, तर इंडोचायना म्हणजे आजचा व्हिएतनाम वगैरे, तीसुद्धा यांचीच वसाहत, तिथल्या गिरण्यांमधली कणी जहाजं भरभरून इकडे आणली. आणि हे अशा देशात, जिथे दक्षिणेला कासामान्समध्ये जोला लोक शेकडो वर्षं स्वतःचा आफ्रिकन जातीचा तांदूळ पिकवत आलेत! असो.

चेबुजेनचं माहेर सेंट लुईस, डकारपासून साधारण 265 किलोमीटर. मी सेत-प्लासने गेलो, म्हणजे जुनाट प्यूजो स्टेशनवॅगन, सात पॅसेंजर भरल्याशिवाय गाडी जागची हलत नाही आणि मागच्या सीटवर बसलात तर गुडघे हनुवटीला. नदीतल्या बेटावर वसलेलं जुनं फ्रेंच गाव, लांबलचक लोखंडी फेदेर्ब पूल, बेटाच्या दुसऱ्या बाजूला गेत न्दारची कोळी वस्ती, रंगवलेल्या होड्या आणि वाळत घातलेल्या मासळीचा वास, मला तरी तो वास आवडतो. 19 व्या शतकात इथल्या पेंडा म्बाय नावाच्या स्वयंपाकीणबाईंनी ही डिश पहिल्यांदा केली असं सगळे सांगतात. 2021 मध्ये युनेस्कोने चेबुजेनला वारशाच्या यादीत घेतलं त्याचा इकडे केवढा अभिमान, टॅक्सीवाल्यानेसुद्धा मला ऐकवलं.

ओळखीतून एका घरी सकाळपासून स्वयंपाक बघायला मिळाला. काकूंनी अगोदर पार्स्ली, लसूण, मिरची, मिरी खलबत्त्यात कुटली, याला म्हणतात रोफ, मग माशाच्या जाड तुकड्यांना बोटाने भोकं पाडून त्यात ते दाबून दाबून भरलं. मासा खरा चोफ हवा, म्हणजे हेकरूच्या कुळातला, पण अति मासेमारी नि निर्यातीमुळे तो आता सामान्य माणसाच्या आवाक्यात राहिलेला नाही, काकू त्यावर जे काही बोलल्या ते वोलोफ भाषा कळत नसूनही कळलं. तुकडे तळून काढले, त्याच तेलात कांदा आणि टोमॅटोची पेस्ट. इथे घाई अजिबात नाही, पेस्ट लाल होती ती विटकरी झाली, मग तेल सुटून कडेला आलं आणि पोटात खड्डा पडायला लागला तेव्हा कुठे पाणी पडलं. त्यात कोबीचे मोठे फाक, गाजर, कसावा, भोपळा, वांगं, सगळं मोठमोठं. शिवाय गेज म्हणजे खारवून वाळवलेला मासा आणि येत म्हणजे आंबवून वाळवलेली मोठी समुद्री गोगलगाय. येतचा वास पहिल्यांदा नाकात गेला की माणूस खिडकी शोधतो, पण सगळी खोल चव त्याच दोघांची, ती वगळली तर उरतो नुसता टोमॅटो भात. कणी त्याच पातेल्यावर चाळणीत अगोदर वाफवून घेतात, नंतर भाज्या-मासा काढून उरलेल्या रश्श्यात सोडतात आणि झाकण घट्ट. तळाला जो लागतो त्या खरवडीला खोन्य म्हणतात आणि ती वेगळी खरवडून सगळ्यांना वाटतात, तिच्यावरून भांडणं होतात.

जेवण एकाच मोठ्या परातीत, खाली चटईवर, सगळे गोल बसून. ज्याने त्याने आपल्यासमोरच्या भागातलंच खायचं, पलीकडे हात घालायचा नाही. मधला मासा नि भाज्या काकू हाताने तोडून प्रत्येकाच्या पुढ्यात सरकवत होत्या, पाहुणा म्हणून माझ्या पुढ्यात सगळ्यात जास्त, संपवलं की परत. बाजूला अंबाडीच्या पानांची भेंडी घालून केलेली आंबट हिरवी चटणी. हो, अंबाडीच! तिची लाल बोंडं उकळून साखर घातलेलं बिसाप सरबत तर रस्त्यावर प्लास्टिकच्या पिशव्यांमधून मिळतं, गारेगार, आणि ती बोंडं आपल्याकडे कितीजण नीट वापरतात हा प्रश्नच आहे.

बाजारात फिरताना हे असं सारखं व्हायचं. बाजरी, चवळी, चिंच, भेंडी. बाजरी आणि चवळीला आपण घरची समजतो पण दोन्ही मूळची आफ्रिकेतली, बाजरी तर याच पट्ट्यातली, सहाराच्या दक्षिण काठावरची, हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे पोचली. आपण भाकरी थापली, त्यांनी पीठ ओलं करून हाताने वळून बारीक रवाळ कुसकुस केला, वाफवला, रात्री रश्श्याबरोबर नाहीतर दह्यात साखर घालून. दह्यातल्याला चाक्री म्हणतात. गोरखचिंचेच्या फळाचा पांढरा गर भिजवून बुय नावाचं सरबत करतात तेही घट्टसर, मस्त.

माफे मात्र सरळ सरळ दाण्याची आमटी, फक्त उपासाच्या उलट टोकाची, म्हणजे मटण घातलेली. मूळ मालीकडच्या मांडिंका लोकांची, आणि शेंगदाणा दोघांकडेही दक्षिण अमेरिकेतूनच आलेला. कासामान्सचं यासा चिकन त्यापेक्षा वेगळं, ढीगभर कांदा, लिंबू, मोहरीची पेस्ट, चुलीवर भाजलेली कोंबडी. ही फ्रेंच मस्टर्ड लोक इतकी सढळ वापरतात की मला कधीकधी जास्तच वाटली, स्पष्ट सांगतो.

सगळ्यात मोठं आश्चर्य नेम. नेम म्हणजे तळलेले व्हिएतनामी स्प्रिंग रोल, डकारमध्ये नाश्त्याला, लग्नात, कुठेही. फ्रेंच सैन्यातले पश्चिम आफ्रिकन शिपाई इंडोचायनाच्या लढाईला गेले होते, 1954 मध्ये ती संपली, काहीजण व्हिएतनामी बायका घेऊन परतले आणि त्या बायकांनी इथे नेम करून विकायला सुरुवात केली. म्हणजे कणी त्याच वाटेने आली आणि नेमही. लेबनीज लोकांचं श्वार्मा कोपऱ्याकोपऱ्यावर आहे ते आणखी वेगळं. उलट दिशेचं बघायचं तर नायजेरिया-घानावाले ज्यावरून भांडतात तो टोमॅटोत शिजवलेला जोलोफ राइस, त्याचं नावच मुळी इथल्या जुन्या जोलोफ राज्यावरून, आणि अमेरिकेत साउथ कॅरोलायनाचा रेड राइस हाही याच घराण्यातला, या किनाऱ्यावरून गुलाम करून नेलेल्या भातशेतकऱ्यांच्या हातचा.

जेवणानंतर आताया, चिनी हिरवा चहा, छोट्या ग्लासात तीन फेऱ्या, पहिली कडू, शेवटची गोड, फेस यावा म्हणून उंचावरून ओततात आणि यात सहज तासभर जातो. घाईत असाल तर रस्त्यावरची काफे तुबा प्या, मुरीद या इथल्या सूफी मुस्लिम पंथाच्या लोकांची कॉफी, मिरीसारख्या झणझणीत जाराच्या बिया घातलेली, सर्दी एकदम मोकळी.

व्हेज मंडळी विचारणारच म्हणून सांगतो. चवळीच्या डाळीची अकारा भजी आहेत, पावात घालून मिळतात, वरून तिखट टोमॅटोची चटणी, ती बिनधास्त खा. बाकी चेबुजेन बिनमाशाचं मागितलंत तर वरचा तुकडा उचलून देतील प्रेमाने, पण गेज आणि येत भातात मुरलेलंच असतं.