थेंब लहान करण्यापासून थेंब टिकवण्यापर्यंत: आमची वाटचाल

तेलात विरघळणारे घटक पाण्यात सहज मिसळतील अशा रूपात तयार करायचे आणि खाद्यपदार्थ व औषधं बनवणाऱ्यांना पुरवायचे, हा आमचा छोटासा उद्योग. अ, ड, ई जीवनसत्त्वं, बीटा-कॅरोटीन, कर्क्युमिन, ओमेगा-३ तेलं ही आमची नेहमीची मंडळी. एकालाही पाणी मानवत नाही. नुसती पेयात घातली तर वेगळी होतात आणि पोटात गेली तरी त्यांचा बराच भाग अंगी न लागताच बाहेर पडतो.

आमच्याकडे आलेल्या पहिल्या ग्राहकांना पारदर्शक पेय हवं होतं. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. तेलाचे थेंब त्याहून खूपच लहान, म्हणजे ५० नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याखाली आणले की ते प्रकाश फारसा विखुरत नाहीत आणि पेय नितळ दिसतं. त्यासाठी तेल, पाणी आणि इमल्सिफायर (तेलाचे थेंब पाण्यात धरून ठेवणारा पदार्थ) यांचं मिश्रण होमोजिनायझर नावाच्या यंत्राच्या अरुंद फटीतून प्रचंड दाबाखाली ढकलायचं. मिश्रण तापतं, म्हणून लगेच थंड करायचं. यंत्र चांगलं असेल तर थेंब लहान करणं जमतं. खरी कसोटी पुढे, त्यांना लहान ठेवण्यात लागते.

हे आम्हाला सुगंधी तेलांनी शिकवलं. ही तेलं पाण्यात किंचित विरघळतात. त्यामुळे लहान थेंबांतलं तेल पाण्यातून हळूहळू मोठ्या थेंबांकडे सरकतं. थेंब एकमेकांवर आदळून एकत्र होण्याचीही गरज नसते. याला ऑस्टवाल्ड रायपनिंग म्हणतात. उपाय असा की होमोजिनायझरमध्ये घालण्याआधीच त्या तेलात मक्याच्या तेलासारखं, पाण्यात जवळपास न विरघळणारं तेल मिसळायचं. ते थेंबातून हलत नाही आणि दुसऱ्यालाही फार हलू देत नाही. आजही नवीन माणूस कामाला आला की त्याला आम्ही सगळ्यात आधी हेच करून दाखवतो.

इमल्सिफायरची निवड ग्राहकाच्या पदार्थावर ठरते. पॉलिसॉर्बेट ८० भरवशाचं, पण अनेकांना वनस्पतिजन्य पर्याय हवा असतो. तिथे क्विलाया झाडाच्या सालीतून मिळणारं सॅपोनिन उत्तम चालतं. इमल्सिफायर म्हणून वापरली जाणारी व्हे (दुधाच्या निवळीतली) प्रथिनं सामू (pH) ५ च्या जवळपास विद्युतभार गमावतात आणि थेंबांचे पुंजके होतात. त्यामुळे पदार्थाचा सामू कळल्याशिवाय आम्ही नमुना पाठवत नाही.

सगळ्यात जास्त विचार करावा लागला तो तेलाच्या निवडीचा. मध्यम साखळीच्या, म्हणजे ज्यातली मेदाम्लं आखूड असतात अशा तेलाचे बारीक थेंब पटकन होतात, ते पचतंही लवकर. पण आतड्यात तेल पचल्यावर पित्तक्षारांसोबत जे सूक्ष्म पुंज बनतात, त्यांत बीटा-कॅरोटीनसारखा लांबलचक रेणू मावला तरच शोषला जातो. लांब साखळीच्या तेलापासून बनलेले पुंज त्याला जागा देतात. म्हणून अशा घटकांसाठी आम्ही लांब साखळीचंच तेल वापरतो, मग मिश्रण यंत्रातून जास्त वेळा फिरवावं लागलं तरी चालेल. नितळ दिसणारी पण अंगी न लागणारी बाटली विकण्यात मला रस नाही.

औषधांच्या क्षेत्रात या विचाराचं मोल आधीच सिद्ध झालं आहे. अवयवरोपणानंतर देतात त्या सायक्लोस्पोरिनचं जुनं तेलकट रूप कुणात किती शोषलं जाईल याचा नेम नसे. १९९० च्या दशकात पोटात आपोआप अतिसूक्ष्म थेंब होणारं रूप आलं आणि शोषणात बराच एकसारखेपणा आला. पण शोषण वाढलं की मात्राही नव्याने ठरवावी लागते. अ आणि ड जीवनसत्त्वं शरीरात साठतात, जास्त झाली तर अपाय करतात. जुनीच मात्रा कायम ठेवून फक्त रूप बदला, अशी मागणी आली तर आम्ही नमुना देण्याआधी मात्रेचा विषय काढतो. यावरून काही कामं हातची गेली. गेली तर गेली.

ओमेगा-३ ची गोष्ट निराळी. थेंबाचा व्यास निम्मा केला की तेवढ्याच तेलाचा एकूण पृष्ठभाग दुप्पट होतो, तेल खवट व्हायलाही तेवढीच जास्त जागा मिळते. म्हणून टोकोफेरॉल (खवटपणा रोखणारं ई जीवनसत्त्व), नायट्रोजनखाली भरणं आणि गडद बाटली, तिन्ही लागतात.

सध्या आम्ही कोणताही सक्रिय घटक नसलेल्या इमल्शनवर (पाण्यात तेलाचे बारीक थेंब असलेल्या मिश्रणावर) काम करतोय. भाजीतलं कॅरोटीन असो की गोळीतलं तेलविद्राव्य औषध, त्यासोबत हे इमल्शन घेतल्यावर त्याचं शोषण वाढावं हा हेतू. प्रयोगशाळेतल्या कृत्रिम पचनाच्या चाचण्या सुरू आहेत. कोणतं तेल घ्यायचं हे ठरलंय, किती घ्यायचं ते ठरायचंय.