सरांची सतरा अंकी संख्या

महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काही लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि फळ्यावरची ती संख्याच डोळ्यांपुढे आली: १२३४५६७८९८७६५४३२१. गणिताच्या सरांचं नाव लिहायची गरज नाही. आपल्या शाळेत नुसतं ‘सर’ म्हटलं तरी कोण ते कळतं.

ही संख्या सर सांगत नसत, मांडायला लावत. चौकटीच्या वहीत ११११११११ पुढे आणखी एक १, म्हणजे नऊ एके, आणि त्यांना नऊ एक्यांनीच गुणायचं. नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे. बेरजेला उजवीकडून पहिल्या रकान्यात १, दुसऱ्यात २, नवव्यात ९ आणि पुढे पुन्हा एकेक कमी. हातचा कुठेच नाही, म्हणून अंक असे चढतात आणि उतरतात.

एकदा मागच्या बाकावरच्या मुलाने चुकून दहा एके घेतले. उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. मुलं हसली. सरांनी मात्र त्याचीच बेरीज फळ्यावर घेतली. दहाव्या रकान्यात १०, म्हणून शून्य, हातचा १. अकराव्यात ९ आणि १, पुन्हा शून्य, हातचा १. बाराव्यात ८ आणि १ मिळून ९, तिथे हातचा संपला. दोन शून्यं आली ती अशी, आणि डावीकडचा ८ गेला तोही असाच. गुणाकार अचूक होता. सबंध तास त्या एका हातच्यावर गेला, आणि असा तास घेणारा दुसरा शिक्षक नाशकात नसेल.

सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ८१ येते. म्हणून ८१ ने भाग जातो, असं कुणी म्हटलं की सर लगेच अडवत. बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच. १८९९ च्या अंकांची बेरीज २७, पण २७ ने भागलं तर बाकी ९. इथे ८१ ने भाग जातो तो नऊ एक्यांना ९ ने जातो आणि आपली संख्या त्यांचा वर्ग आहे म्हणून. याच ८१ ने संख्येला गुणलं की बरोबर ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो.

अवयव पाडताना नऊ एके १११ गुणिले १००१००१ असे फोडायचे. १११ म्हणजे ३ × ३७, आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. वर्ग केल्यावर ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. विभाजक ५ × ३ × ३, म्हणजे ४५. ३३३६६७ मूळ आहे का, हे पाहायला ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या. पण तिचा कुठलाही मूळ अवयव १८ ने भागल्यावर बाकी १ देणाराच असतो, म्हणून १९, ३७, ७३ अशा फक्त १७ उरतात. एकानेही भाग जात नाही.

अशा चढत्या-उतरत्या अंकांच्या संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी, मुंबईजवळच्या एका रेल्वे स्थानकावरून. १९३० ते १९६२ ते इथेच देवळालीला शाळामास्तर होते, हे सांगताना सरांचा आवाज बदलायचा.

आता शाळेत संगणक कक्ष झाला, आनंद आहे. पण एक्सेलमध्ये ही संख्या टाकली की १२३४५६७८९८७६५४३०० होते, कारण तिथे पंधराच अंक टिकतात. शेवटचा २१ जातो आणि मुलांच्या ते लक्षातही येत नाही.

महोत्सवाच्या प्रदर्शनात नऊ ओळींची ती मांडणी खडूने फळ्यावर लिहावी, छापील फलक नको. शेजारी दहा ओळींचीही असावी.